ड्रॅग कारच्या रोल केजसाठी नळी निवडताना: क्रोमोली, डीओएम की साधी ईआरडब्ल्यू?

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हर वाचावा म्हणून आत बांधलेला नळ्यांचा सांगाडा, बनवायचाय, क्रोमोली (क्रोमियम आणि मोलिब्डेनम मिसळलेलं स्टील) घेऊ का, असं कोणी विचारलं की मी त्याला उलट दोन प्रश्न विचारतो. गाडी पाव मैलाला किती सेकंद घेणार, आणि वेल्ड कोण मारणार? बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाला समोरचा जरा गप्प होतो. आणि खरं सांगायचं तर नळीची निवड या दोन उत्तरांवरच ठरते, धातूचं नाव किती भारी वाटतं त्यावर नाही. लोक आधी क्रोमोली आणून ठेवतात, मग आर्गॉनवाला (टिग वेल्डर) शोधत फिरतात, तो मिळाला नाही की को-टू मशीनवर (मिग वेल्डिंगवर) उरकून टाकतात आणि मग इन्स्पेक्शनला गाडी गेली की हात चोळत बसतात. उलटं करा. आधी टाइम, मग वेल्डर, मग नळी.

पहिली गोष्ट, टाइम

तुम्ही ज्या ट्रॅकवर पळवणार तिथलं नियमपुस्तक आधी वाचा. ड्रॅग रेसिंगमध्ये अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेचे आकडे सगळ्यात जास्त वापरले जातात, म्हणून मी पण तेच धरून बोलतो. ढोबळ हिशोब असा की पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात मारणाऱ्या गाडीला रोल बार लागतो, म्हणजे मेन हूप (ड्रायव्हरच्या मागची उलट्या यू आकाराची कमान), मागचे दोन टेके, आडवा बार आणि ड्रायव्हरच्या बाजूचा डोअर बार. १०.९९ च्या आत गेलात की पूर्ण केज. त्यात एक सवलत अशी की बॉडी, फ्लोअर आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कंपनीतून आली तशीच असेल तर १०.०० पर्यंत रोल बारवर भागतं. ९.९९ च्या आत किंवा ताशी १३५ मैलांच्या वर, म्हणजे साधारण २१७ किलोमीटर, गाडी गेली की चासी सर्टिफाय करून स्टिकर लावून घ्यावा लागतो. ८.४९ च्या आत गेलात की एसएफआय या रेसिंग सुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं वेगळं स्पेसिफिकेशन लागू होतं आणि तिथे मग प्रत्येक नळी, प्रत्येक गसेट (कोपऱ्यात मजबुतीला लावलेला पत्र्याचा तुकडा) ठरलेला असतो, तिथे तुमच्या आवडीनिवडीला फार जागा नाही. उघड्या टपाच्या गाडीला रोल बार खूपच आधी लागतो, १३.४९ पासूनच. अगदी नव्या मॉडेलच्या फॅक्टरी गाड्यांना यात सूट मिळते, ती पुस्तकात बघून घ्या.

आता इथे एक चूक जवळपास सगळेच करतात, मी पण केली. आज गाडी ११.८ मारतेय ना, मग रोल बारच बनवू, असं म्हणतात, आणि वर्षभरात टर्बो लागतो आणि गाडी साडेदहाला येते. मग बारला केज जोडताना अर्धं कापायला लागतं. तर आजचा टाइम सोडा, इंजिनचं सगळं काम झाल्यावर गाडी जिथे जाणार आहे तो टाइम धरून नळी घ्या.

साइझ काय लागते

मेन केजसाठी एनएचआरएची किमान साइझ १ इंच ५ सूत, म्हणजे १.६२५ इंच, ४१.३ मिमी बाहेरचा व्यास. जाडी माइल्ड स्टील असेल तर ०.११८ इंच आणि ४१३० क्रोमोली असेल तर ०.०८३ इंच. नुसता रोल बार असेल तर व्यास पावणेदोन इंच, ४४.४५ मिमी, जाडी तीच. ०.११८ म्हणजे बरोबर ३ मिमी आणि ०.०८३ म्हणजे २.१ मिमी. छोट्या ब्रेसिंगच्या नळ्यांना पुस्तकात वेगळ्या साइझ दिलेल्या असतात.

हे आकडे किमान आहेत, आणि किमान म्हणजे नळीवर कुठेही मोजलं तरी त्याच्या खाली जाता कामा नये. पुढे परत येतो यावर, कारण माझे पैसे नेमके इथेच गेले.

तुम्ही सर्किट किंवा रॅलीची गाडी बघून कॉपी मारणार असाल तर थांबा, एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचे आकडे वेगळे आहेत. त्यांच्याकडे मेन हूप ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमी चालतो आणि नळी कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेली, बिनजोड) लागते. २.५ मिमीची माइल्ड स्टीलची नळी तिकडे पास होईल आणि ड्रॅगच्या तपासणीत नापास. दोन्ही बरोबर, फक्त पुस्तक वेगळं.

नावांचा घोळ

ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी गोल वळवून कडेला वेल्ड करून केलेली नळी. आत डोकावलं तर लांबीभर वेल्डची रेघ किंवा बारीक उंचवटा दिसतो, कधी बोट फिरवलं तरी लागतो. स्वस्त असते, सहज मिळते, वेल्डिंगला गोड असते. डीओएम म्हणजे तीच वेल्ड केलेली नळी नंतर आत मँड्रेल (दांडा) आणि बाहेर डाय (साचा) लावून थंड अवस्थेत ओढलेली. म्हणजे डीओएम ही धातूची जात नाही, ती बनवायची पद्धत आहे, आणि ती सीमलेस पण नाही, जोड असतो फक्त तो ओढताना इतका दबून जातो की डोळ्याला दिसत नाही. दुकानदार बिनधास्त सीमलेस म्हणून डीओएम देतात, त्यावरून भांडायची गरज नाही, केजला ती चालते. पण उलटं, डीओएम म्हणून ईआरडब्ल्यू गळ्यात मारली तर मात्र भांडा.

ओढण्याने दोन गोष्टी मिळतात. एक, माप काटेकोर येतं, व्यास आणि जाडी दोन्ही. दोन, थंड ओढल्याने धातू कडक होतो. साधी १०१० ग्रेडची ईआरडब्ल्यू साधारण ३२,००० पीएसआय (चौरस इंचामागे पाउंड) ताणाला कायमची वाकायला लागते, तर १०२० ची डीओएम ६०,००० ते ७०,००० पीएसआयपर्यंत तग धरते. दोन्ही माइल्ड स्टीलच, दोन्हीला पुस्तकात जाडी एकच, पण ताकदीत जवळपास दुपटीचा फरक. आता सांगा, नुसतं माइल्ड स्टील म्हणून काय कळलं?

४१३० क्रोमोलीत कार्बन साधारण ०.२८ ते ०.३३ टक्के, क्रोमियम ०.८ ते १.१ टक्के आणि मोलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के असतं. नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत गार केलेल्या) कंडिशनमधली पातळ नळी ७५,००० पीएसआयला वाकायला लागते आणि ९५,००० ला तुटते, हे किमान आकडे. म्हणजे चांगल्या डीओएमच्या तुलनेत क्रोमोली थोडीच पुढे आहे, लोक सांगतात तशी दुप्पट वगैरे नाही. दुप्पट वाटते ती साध्या ईआरडब्ल्यूच्या शेजारी ठेवली की. आणि क्रोमियम आहे म्हणून गंजत नाही हा पण गैरसमज, क्रोमोली उघडी ठेवली तर आठवड्यात तांबूस होते.

मजबूत वेगळं, ताठ वेगळं

हा मुद्दा बहुतेकांना पटत नाही म्हणून जरा सविस्तर. स्टील कुठलंही घ्या, साधं घ्या नाहीतर क्रोमोली, त्याचा ताठपणा, म्हणजे इलॅस्टिक मॉड्युलस, साधारण २०० ते २०५ गिगापास्कल. सगळ्यांचा एकच. क्रोमोली उशिरा वाकते, उशिरा तुटते, पण त्या आधी ती लवते तितकीच. आणि पुस्तकानेच तुम्हाला क्रोमोली पातळ घ्यायची मुभा दिलीय ना, ३ च्या जागी २.१ मिमी? मग ४१.३ मिमी व्यासाच्या या दोन नळ्यांचा मोमेंट ऑफ इनर्शिया (आकारामुळे वाकायला होणाऱ्या विरोधाचं माप) काढून बघा, पातळ नळी साधारण २५ टक्क्यांनी कमी ताठ निघते. म्हणजे लाँचला मागच्या टायरने पकड घेतली आणि बॉडी पिळायला लागली की क्रोमोलीचा केज, डिझाइन तेच ठेवलं तर, जास्त लवेल. फरक फार मोठा नाही पण आहे. ताठपणा हवा असेल तर व्यास वाढवा किंवा नळ्या त्रिकोणात बांधा. एका बरोबर लावलेल्या तिरप्या ब्रेसने जो ताठपणा मिळतो तो धातू बदलून मिळत नाही.

मग क्रोमोली कशासाठी? वजनासाठी. फक्त वजनासाठी. हिशोब सोपा आहे, मिमीमध्ये व्यासातून जाडी वजा करा, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६, की मीटरमागे किलो येतात. ४१.३ × ३.४ ची ईआरडब्ल्यू (३ ऐवजी ३.४ का, ते खरेदीच्या भागात सांगतो) मीटरला ३.१८ किलो, ४१.३ × ३.०५ ची डीओएम २.८८ किलो, आणि ४१.३ × २.१ ची क्रोमोली २.०३ किलो. समजा केजला ३० मीटर नळी लागली, तर ९५ किलो, ८६ किलो आणि ६१ किलो. डीओएम आणि क्रोमोलीत २५ किलोचा फरक. ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की १०० पाउंड, म्हणजे ४५ किलो कमी केले की पाव मैलाला दहावा हिस्सा सेकंद सुटतो. त्या हिशोबाने २५ किलोला मिळाले पाच-सहा शतांश सेकंद. साडेदहाच्या गाडीला यापेक्षा जास्त फायदा मागची सीट आणि स्पेअर व्हील काढून मिळतो, तेही फुकटात. पण आठ सेकंदांच्या गाडीत, जिथे आधीच सगळं काढून झालंय आणि केजमध्ये नळ्या पण खूप आहेत, तिथे ते २५-३० किलो खरंच मोलाचे, आणि केजचं बरंचसं वजन वर छताजवळ असतं तेही कमी होतं.

वेल्डर कोण

एनएचआरएचा नियम सरळ आहे. ४१३० ला फक्त टिग, म्हणजे आपलं आर्गॉन वेल्डिंग. माइल्ड स्टीलला मिग (आपलं को-टू) किंवा टिग दोन्ही चालतं. आणि वेल्ड ग्राइंड करून गुळगुळीत करणं बंद, दोन्हीला. रॉड वेल्डिंगचा विचारच नको.

नियम असा का? कार्बन आणि त्या दोन मिश्रधातूंमुळे ४१३० वेल्डशेजारी पटकन थंड झाली की कडक आणि ठिसूळ होते. वेल्डेबिलिटीसाठी कार्बन इक्विव्हॅलंट नावाचा हिशोब असतो, त्यात १०२० साधारण ०.२८ ला येते आणि ४१३० साधारण ०.६ ला. मिगने सुरुवात करताना वायर थंड नळीवर जाऊन एकदम चिकटते, भोवतालचा धातू झटक्यात उष्णता ओढून घेतो आणि वेल्डच्या कडेला काचेसारखी रेघ तयार होते. दिसायला वेल्ड मस्त. मग एक दिवस टायर शेक होतो (लाँचला मागचे टायर जोरात थरथरतात), गाडी थडथडते, आणि क्रॅक नेमका त्या कडेने पळतो. टिगमध्ये आधी वितळलेल्या धातूचं डबकं तयार होतं मग फिलर (जोड भरायची तार) पडतो, शेवटी पेडल हळूहळू सोडता येतं, उष्णता वेल्डरच्या हातात राहते.

क्रोमोलीला फिलर कुठला यावर लोक तासन्‌तास भांडतात. पातळ नळीच्या केजला ईआर७०एस-२ किंवा ईआर८०एस-डी२ वापरतात. ४१३० चाच फिलर वापरावा असं डोक्यात येतं पण तो नंतर हीट ट्रीट करणार असाल तरच, आणि अख्खा केज भट्टीत कोण घालतंय? मऊ फिलर वितळताना नळीच्या धातूत मिसळून पुरेसा ताकदवान होतो आणि थोडी लवचीकता पण ठेवतो. वेल्ड झाल्यावर ओलं फडकं लावायचं नाही, हवेचा फवारा मारायचा नाही, पंखा बंद, दार बंद, जोड आपोआप गार होऊ द्यायचा. इतक्या पातळ नळीला वेगळा प्रीहीट सहसा लागत नाही, फक्त नळी गारठलेली नसावी.

अजून एक, साफसफाई. मिलची काळी पापडी आणि तेल दोन्ही घालवा, आतून पण एक इंचभर. तेल पुसायला अॅसिटोन. ब्रेक क्लीनर अजिबात नको, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर आर्कसमोर आला की फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे, गंमत नाही.

फिटिंगचा पण विचार करा. टिगला नळीचा नॉच (दुसऱ्या नळीवर बसायला टोकाला मारलेली खाच) असा बसायला हवा की प्रकाश आरपार दिसू नये. मिग एखाद मिमीची फट भरून घेतो. ग्राइंडरने अंदाजे खाच मारणारे आणि होल सॉने मापात नॉच करणारे यातला फरक क्रोमोलीत लगेच उघडा पडतो. तेव्हा तुमच्याकडे को-टू मशीन आहे, हात बरा बसलाय, पण आर्गॉनचा सराव नाही, तर डीओएम घ्या आणि झोप शांत घ्या. चांगला वेल्ड मारलेला साधा केज हा वाईट वेल्डच्या क्रोमोली केजपेक्षा दहापट बरा. माझ्या स्वतःच्या गाडीत डीओएमच आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

खरेदी, इथे लक्ष द्या

आता माझा किस्सा. पहिल्या केजला मी ३ मिमीची ईआरडब्ल्यू आणली. बिलावर ३ मिमी, दुकानदार म्हणाला ३ मिमी, मी वर्नियर लावला तर एका टोकाला ३.०० आलं, खूश झालो. नळी कापली, वाकवली, वेल्ड केली. इन्स्पेक्टरने अल्ट्रासॉनिक गेज मेन हूपच्या बेंडच्या बाहेरच्या बाजूला लावला आणि आकडा आला २.८ च्या आसपास. संपलं. हूप नव्याने करावा लागला आणि त्याला जोडलेले सगळे टेके कापावे लागले. दुकानदाराची चूक अर्धी, माझी अर्धी, कारण नावाला ३ मिमी असलेल्या पट्टीपासून केलेली नळी कुठेतरी २.९ असणारच, ती तिच्या स्वतःच्या टॉलरन्समध्ये बसते, आणि वाकवली की बाहेरची बाजू ताणून अजून पातळ होते.

म्हणूनच जाणकार लोक ईआरडब्ल्यू घेताना ०.१२० इंचाची न घेता सरळ ०.१३४ ची, म्हणजे ३.४ मिमी, १० गेजची घेतात. डीओएमला ०.१२० चालून जाते कारण तिची जाडी खरीच तेवढी असते, तरी पण मोजायचं. वर्नियर फक्त टोकाला आणि कापताना कडेला उठलेली धार (बर) काढून लावा, नाहीतर ती धारच मोजाल, आणि एका जागी नाही, घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ अशा चार जागी. ईआरडब्ल्यूच्या जोडावर जाडी जास्त दिसते, तो आकडा धरू नका. पाच-सहा लांब्या घेतल्या तर प्रत्येक लांबी मोजा, एकाच गठ्ठ्यात दोन वेगळ्या हीटच्या (मिलमधल्या वितळणीच्या घाण्याच्या) नळ्या मी बघितल्यात.

क्रोमोली घेत असाल तर मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर नळीवर छापलेल्या नंबरशी जुळतो का बघा. सर्टिफिकेटची झेरॉक्स कोणीही देतो, नंबर जुळणं महत्त्वाचं. कंडिशन एन, म्हणजे नॉर्मलाइज्ड, असं लिहिलेलं हवं. अॅनील्ड (तापवून मऊ केलेली) नळी वाकवायला सोपी जाते पण ताकद कमी असते. ग्राइंडरला लावून ठिणग्या बघून क्रोमोली ओळखतो म्हणणारे बरेच भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि एक्सआरएफ गनवर (एक्स-रेने धातूतले घटक ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या, ती क्रोमियम आणि मोलिब्डेनम लगेच दाखवते. फक्त लक्षात ठेवा, कार्बन त्या गनला दिसत नाही, म्हणून कागद तरीही हवाच.

पाइप आणि ट्यूब यातला गोंधळ अजून एक. प्लंबिंगचा पाइप आतल्या नॉमिनल बोअरवर विकला जातो. दीड इंची पाइप मागितला तर बाहेरून ४८.३ मिमी येतो, सव्वा इंची मागितला तर ४२.४. आणि हा ४२.४ वाला ४१.३ च्या बेंडर डायमध्ये बसत नाही, जबरदस्तीने बसवला तर चेपतो. केजसाठी कायम बाहेरचा व्यास आणि जाडी असं बोलून मागा, ट्यूब म्हणा. बेंडरवाल्याकडे कुठल्या साइझचे डाय आहेत ते विचारून मगच नळी आणा, हे उलटं केलं तर घरात पडून राहते.

काय अजिबात नको

गॅल्व्हनाइज्ड पाइप नको, वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो, तो ताप आणतो, आणि वेल्डमध्ये भोकं राहतात, शिवाय आतला पाइप पाण्याच्या दाबासाठी बनलेला आहे, आपटण्यासाठी नाही. एक्झॉस्टची नळी नको, पातळ असते. स्टेनलेस चकाकतं म्हणून काही जण विचारतात, नको, पुस्तकात माइल्ड स्टील आणि ४१३० लिहिलंय, तिथे स्टेनलेसचा पर्याय नाही. अॅल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या एक तृतीयांश, ६९ गिगापास्कल, आणि ६०६१-टी६ वेल्ड केलं की जोडाशेजारची जवळपास निम्मी ताकद जाते, शिवाय वारंवार थडथडून फटीग क्रॅक येतात ते वेगळे. दिखाऊ शोच्या गाडीत ठीक. भंगारातली नळी, जुन्या गाडीचा काढलेला केज, आतून गंजलेली नळी, काहीच नको, कारण आतली जाडी तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

हल्ली स्वीडनच्या एसएसएबीची डोकॉल आर८ पण बऱ्याच चासीवाल्यांकडे दिसते. हाय स्ट्रेंग्थ स्टील आहे, वेल्डनंतर हीट ट्रीटमेंट लागू नये या हिशोबाने बनवलंय. वाईट काही नाही, पण तुमच्या क्लासच्या स्पेसिफिकेशनमध्ये ती आणि तिची जाडी लिहिलेली असेल तरच पैसे घाला.

वाकवणं आणि पायाच्या प्लेट

हायड्रॉलिक पाइप बेंडर, ज्यात मधून एक बूट नळीला ढकलतो, तो केजला नको, नळी आतल्या बाजूने चेपते आणि सुरकुत्या पडतात. रोटरी ड्रॉ बेंडर (नळी डायभोवती ओढत वाकवणारा) हवा, जमलं तर मँड्रेलवाला. बेंडची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा, आणि नळी अंडाकृती झाली तर छोटा व्यास मोठ्याच्या ९० टक्क्यांखाली जाऊ नये, हे दोन्ही एफआयएच्या पुस्तकातून उचललेत पण ड्रॅगला पण चांगले आहेत. गॅसने तापवून, वाळू भरून वाकवणं विसरा, तापवलं की डीओएमचा थंड ओढून आलेला कडकपणा तिथल्या तिथे गेला. ईआरडब्ल्यू वाकवताना जोडाची रेघ बेंडच्या बाहेर किंवा आत न ठेवता बाजूला ठेवा, तिथे ताण कमीत कमी असतो. क्रोमोली आणि डीओएम दोन्ही वाकवून सोडल्यावर थोड्या मागे येतात, ईआरडब्ल्यूपेक्षा जास्त, म्हणून आधी तुकड्यावर ट्रायल घ्या आणि किती डिग्री परत आली ते डायवरच खडूने लिहून ठेवा.

नळी इतकी चांगली आणि खाली पातळ पत्र्यावर उभी, असं करू नका. युनिबॉडी (वेगळी फ्रेम नसलेल्या) गाडीत फ्लोअरच्या वर आणि खाली ६ × ६ इंचाची, ०.१२५ इंच म्हणजे एक सूत जाडीची स्टील प्लेट आणि ३/८ इंचाचे किमान चार बोल्ट, किंवा मग प्लेट घालून रॉकर सिलला (दाराखालच्या बॉडीच्या भागाला) पूर्ण वेल्ड. प्लेट साध्या माइल्ड स्टीलची चालते. पत्रा गंजलेला असेल तर आधी पत्रा बदला, बाकी सगळं नंतर.

हूपची जागा पण साइझ ठरवताना बघा. हेल्मेट घालून नेहमीसारखं बसल्यावर हूप डोक्याच्या मागे ६ इंचांच्या आत आणि हेल्मेटच्या वर किमान ३ इंच हवा. उंच ड्रायव्हर आणि बुटकं छत असेल तर पावणेदोन इंचीऐवजी १ इंच ५ सूतची नळी घेऊन जागा वाचवायचा मोह होतो. केजला तो चालतो, नुसत्या रोल बारला नाही.

हेल्मेट लागण्याच्या जागी एसएफआय ४५.१ चं पॅडिंग लावा, पाण्याच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम नाही. आणि गाडी रस्त्यावर पण चालवत असाल तर विचार करून केज बसवा, कारण हेल्मेट न घालता साध्या सीटबेल्टवर बसलेल्या माणसाच्या डोक्याशेजारी स्टीलची नळी असणं हा छोट्या धडकेत पण जिवाशी खेळ आहे.

नळी घरी आली की

लगेच केज सुरू करू नका. प्रत्येक लांबीतून एक वीतभर तुकडा कापा, दोन तुकड्यांचा टी जोड ज्या मशीनवर आणि ज्या माणसाकडून केज होणार त्याच्याकडूनच मारून घ्या, आणि गार झाल्यावर प्रेसमध्ये घालून चेपा. नळी वेल्डच्या शेजारी दबली, वळली, चपटी झाली आणि वेल्ड शाबूत, तर पुढे जा. कडेने चीर गेली तर सेटिंग, सफाई किंवा माणूस यातलं काहीतरी बदला. मी हे दर नव्या गठ्ठ्याला करतो, अर्धा दिवस जातो.

हिशोबापेक्षा एक लांबी जास्तच आणा, एक बेंड चुकणारच. क्रोम प्लेटिंग करायचं डोक्यात असेल तर काढून टाका, प्लेटिंगच्या प्रक्रियेत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि ते ठिसूळ करतो, क्रोमोलीत तर जास्तच. रंग पातळ मारा, जाड पावडर कोटिंगखाली क्रॅक लपतो. आणि रंग मारायच्या आधीच, वेल्ड उघडे असताना, गाडी इन्स्पेक्टरला दाखवा. कापलेले तुकडे, बिल आणि मिलचा कागद एका पिशवीत घालून गाडीसोबत न्या. गेज लावून झाल्यावर तो हमखास विचारतो, ही नळी आहे कुठली.